हाकेवरचं सासर

लग्न ठरलं तेव्हा आईनं मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. स्वयंपाक नाही, वागणूक नाही, फक्त आवाज. आमचं वरोऱ्याचं घर जिनिंगच्या कारखान्याच्या भिंतीला लागून होतं. कापसाच्या हंगामात यंत्रांचा असा घरघराट चाले की जेवताना मीठ मागायचं तरी ओरडून मागावं लागे. त्यामुळे आम्ही सगळीच भावंडं मोठ्यानं बोलणारी. हंगाम संपून यंत्रं थांबली तरी आमची तोंडं काही थांबत नसत. ‘तिथी हळू बोलजो वो माय,’ आई म्हणायची. झाडीपट्टीतले लोक शांत असतात, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं.

मला राग यायचा. राग मला तेव्हा फार लवकर यायचा आणि खरं सांगायचं तर अजूनही येतो. पण सासरी गेले आणि तोंडाला कुलूप लावून बसले.

सासर गडचिरोलीच्या बाजूला, वैनगंगेपासून बरंच आत, एका मोठ्या तलावाच्या काठी. गाव धानाचं आणि मी कापसातली. सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात; ज्वारीची भाकर मागितली तर सासूबाई मी आजारी आहे का म्हणून कपाळ चाचपून बघत. तलावातली मासोळी खायची तर काटा कुठं असतो तेही मला कळत नव्हतं. गावच्या बायकांनी माझं नावच ‘कापूसबाई’ ठेवून टाकलं. मी हसून घेत होते, पण आत धुसफूस चालूच होती.

आणि ज्यांच्यासाठी हे सगळं सोसायचं ते घरात नव्हतेच. ते नागभीडच्या स्टेशनात मालाच्या कामावर होते. लग्नाची रजा संपली तशी गाडी पकडून गेले. तोवर घर पाहुण्यांनी खच्चून भरलेलं. आमचं बोलणं झालं ते एवढंच: त्यांनी भर अंगणात मला विचारलं, पाणी कुठी हाये, आणि मी बोटानं रांजण दाखवला. क्वार्टर मिळालं की हिला घेऊन जातो, हे त्यांनी सांगितलं तेही सासूबाईंना. मी दाराआड उभी राहून ऐकलं.

त्यांचं नाव मी घेत नाही. तेव्हा घेत नव्हते, आताही नाही. आता कोणी अडवत नाही, पण जीभच वळत नाही. एवढंच सांगते की तिकडं मूल ज्या वारी जन्मलं त्या वारावरूनच त्याचं नाव ठेवायची रीत होती आणि त्यांचंही तसंच ठेवलेलं. म्हणजे सातांतला एक. बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, मग तो वार तरी तोंडातून कसा काढायचा? बायकांना हा मोठाच खेळ सापडला. त्या मुद्दाम मला वार मोजायला लावायच्या. तो वार आला की मी नुसतं ‘हूं’ करून पुढं सरकायची आणि त्या पदर तोंडात कोंबून हसायच्या. शेवटी मी युक्ती काढली. एकट्या त्या वारालाच वळसा घातला तर हसू होतं ना, मग सगळ्याच वारांना वळसा. बाजाराच्या आदल्या दिवशी, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, असं मी सगळंच बाजारावरून सांगू लागले.

घोळ असा की माझ्या डोक्यातला बाजार वरोऱ्याचा होता. सासरच्या गावाजवळचा बाजार त्याच्या दोन दिवस आधी भरे. मी म्हणायची, काल तर बाजार झाला, आणि सासूबाई विचारायच्या, कोनता बाजार वो, आमी कोनी कसा नाई पाह्यला. त्यावर पुन्हा हशा.

असं चाललेलं असताना सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात नवा ताप आला. तो रेल्वेनं येतो, असं लोक म्हणू लागले. नागभीडहून आलेला जो तो सांगे की गाडीत अर्धी माणसं खोकतात, स्टेशनात कामाला माणूस उरला नाही. आलेल्या प्रत्येकाचं बोलणं मी दाराआडून ऐकायची. पण नव्या सुनेनं नवऱ्याची काळजी मोठ्यानं करायची नसते, तीही हळूच करायची असते.

सासरे फार बोलणारे नव्हते. तलावाचं पाणी कोणाच्या धानाच्या बांधीला कधी सोडायचं ते तेच ठरवत, त्यामुळे गाव त्यांचं ऐके. त्यांना स्वतःला मात्र कमी ऐकू येई. लहानपणी त्यांनी अठरा सालची मानमोडी तापाची साथ पाहिली होती, एवढं मला माहीत होतं. एका सकाळी त्यांनी चार घरच्या कर्त्या माणसांना पारावर बोलावलं, लांब लांब बसवलं आणि सांगितलं, ‘घरात राह्यलो तं श्वासाले श्वास लागते. आमराईत चाला. हाकेवर राहा, हाताशी नोको.’

तलावाच्या बांधावर, म्हणजे पाळीवर, गावाची आमराई होती. दुसऱ्या दिवशी सगळं गाव तिथं हललं. एक घर, एक झाड. दोन झाडांत अंतर किती, तर साधं बोललेलं पलीकडं ऐकू जायला नको आणि हाक मारली तर जायला हवी. सासरे स्वतः हे अंतर तपासत फिरले. एका झाडाखाली माणूस बोलायचा, दुसऱ्याखाली हे कान देऊन उभे. पण त्यांना कुठलंच बोलणं ऐकू येईना, त्यामुळे त्यांच्या मते सगळीच झाडं पुरेशी लांब होती. अखेर सासूबाई वैतागून उठल्या आणि आपले कान घेऊन त्यांच्या मागं फिरल्या. दोन घरांना झाडं बदलावी लागली.

त्या आमराईत मी जे सुख पाहिलं ते नंतर कुठं पाहिलं नाही. साथीचे दिवस आणि सुख, हे लिहायला विचित्र वाटतं. पण जे होतं ते होतं. सकाळी डोळे उघडले की वर कैऱ्या. सावली सरकेल तशी आमची चूल, बाज, पाटा-वरवंटा, सगळा संसार झाडाभोवती सरकायचा. अंघोळीला प्रत्येक घराचा घाट वेगळा, पण तलाव एकच, त्यामुळे बायका आपापल्या घाटावरून एकमेकींशी तास तास बोलायच्या. ढिवरांनी जाळं टाकलं की मासोळी काठावरच्या गवतावर ढिगाढिगांनी मांडून ते मागं सरत आणि मग एकेक घर पुढं येई. मी काटे काढायला शिकले. भर उन्हात झाडाखाली बसून गरम भात आणि मासोळीचा रस्सा ओरपताना वरोऱ्याच्या भाकरीची आठवण तशी कमीच आली.

वस्तू द्यायची-घ्यायची रीत आम्ही तलावापलीकडच्या गोंडांच्या टोल्याकडून, म्हणजे वस्तीकडून, घेतली. त्यांनी आपली वाट बांबूच्या फांद्या टाकून बंद केली होती. वाटेवर एक दगड. टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, नाही तर मोहाची फुलं ते दगडावर ठेवून मागं जात, आमच्याकडचा माणूस ती उचलून तिथं मीठ ठेवी. कोणी कोणाला शिवत नसे आणि कोणी कोणाला फसवतही नसे. मग आमराईतही दर दोन झाडांमध्ये एक दगड आला. ताक, सुई, विस्तव, सगळं दगडावर. पुरुषांचे मात्र हाल झाले. एकाच विडीचे झुरके तिघांनी मारायचे, ही त्यांची जन्माची सवय. आता ज्याची त्याची विडी. एक म्हातारा रोज आपली विडी पेटवून शेजारच्या झाडाला दाखवायचा आणि तो शेजारी आपली पेटवून ह्याला दाखवायचा. दोघं असे समोरासमोर बसून धूर काढत.

पण सगळ्यात मजा बोलण्याची. आता सगळंच ओरडून बोलायचं होतं. कोणाच्या घरी काय शिजलं, कोणाची म्हैस कुठं गेली, कोण कोणावर का रुसलं, पाळीवरच्या सगळ्यांना सगळं ठाऊक. एका नवरा-बायकोचं भांडण लागलं तेव्हा मधल्या तीन झाडांनी निवाडा दिला. बायका नवऱ्याला नावानं हाक मारत नसत, त्यामुळे जिकडून तिकडून एकच हाक, ‘आयकलं का जी’, आणि ती उठली की दहा झाडांखाली दहा पुरुष माना वर करत. मग प्रत्येकीनं आपापला सूर ठरवून घेतला. एकीचा शेवट लांब, एकीचा आखूड, एक तर चक्क खोकल्यासारखी तोडून म्हणे. नवरे आपला सूर बरोबर ओळखत.

आणि ह्या सगळ्यात माझा आवाज. वरोऱ्याच्या यंत्रांनी घासून पुसून तयार केलेला. पहिल्यांदा सासूबाईंनी पलीकडच्या झाडाकडून पाट मागायला सांगितलं आणि मी तोंड उघडलं, तेव्हा पाळीच्या टोकाकडच्या म्हशीसुद्धा वळून बघू लागल्या. मग सासूबाई म्हणाल्या, बरी आहे हो. त्या दिवसापासून ज्याला कोणाला लांब निरोप द्यायचा तो आमच्या झाडाकडं बघू लागला. कापूसबाई, सांग ना. मी फुलून गेले.

मग ते आले.

नागभीडचं काम जवळजवळ बंद पडलं, तेव्हा त्यांना घरी जायला सांगितलं होतं. मैलोगणती चालून दुपारच्या वेळी ते तलावाच्या पलीकडच्या काठावर उगवले. सासूबाई पाहताक्षणी धावल्या आणि सासऱ्यांनी त्यांना दंडाला धरून थांबवलं. हात वर करून मुलाला जागीच उभं केलं. पलीकडच्या काठावर एक मोहाचं झाड एकटंच होतं. सासऱ्यांनी ओरडून सांगितलं, त्याखाली राहायचं, आपली चूल आपण पेटवायची, मी सांगेन तेव्हाच यायचं. किती दिवस, ते सांगितलं नाही. ते उन्हात उभे होते, धुळीनं भरलेले. एवढं चालून आलेल्या माणसाला बाप घोटभर पाणीही हातानं देत नाही, ह्याचा मला भयंकर संताप आला. त्या दिवशी मी भांडी इतकी आपटली की शेजारच्या झाडानं विचारलं, काय फुटून राह्यलं.

त्यांचं जेवण पोचवायचं काम माझ्याकडं आलं. तलावाच्या सांडव्यापाशी एक पसरट दगड होता. तिथं डबा ठेवायचा, आपला सूर लावून ‘आयकलं का जी’ म्हणायचं आणि मागं फिरून अलीकडच्या चिंचेच्या झाडापर्यंत यायचं. मग ते मोहाखालून येत, डबा उचलत, तिथंच उभं राहून एकदा माझ्याकडं बघत. डोक्यावरचा पदर कितीही पुढं ओढला तरी त्यातून दिसायचं ते दिसतच होतं. ते उंच होते. हे मला लग्नात कळलंच नव्हतं, तेव्हा मान खाली होती.

दुसऱ्या दिवशी दगडावर राखेनं घासलेला, उन्हात वाळवलेला डबा पालथा होता. उचलला तर खाली चार टेंभरं. मग रोजच काहीतरी निघू लागलं. कधी पाडाचा आंबा, कधी मोराचं पीस, एकदा पळसाच्या पानाचा इतका नेटका द्रोण की त्यात काही नव्हतं तरी मी तो जपून आणला. मीही मग भातावर मासोळीचा मधला तुकडा ठेवू लागले आणि घरात सांगू लागले की शेपटीच उरली होती. लग्न झालेल्या माणसाशी लग्नानंतर ओळख होत होती आणि ती सगळ्या गावादेखत होत होती. बायका हाका मारून विचारायच्या, आज काय निघालं डब्याखाली. मी सांगायची नाही. मग त्या पलीकडं त्यांनाच विचारायच्या आणि ते सांगून टाकायचे.

सकाळी सासरे झाडाझाडाची हजेरी घेत. एकेका घराला हाक मारायची आणि त्या घरानं ‘बरं हाये’ म्हणायचं. शेवटची हाक पलीकडच्या मोहाला. तिकडून ‘बरा हाये’ आलं की मग आमची चूल पेटायची. सासऱ्यांना ते ऐकू येत नसेच, ते सासूबाईंच्या तोंडाकडं बघून हात वर करायचे.

एका सकाळी तिकडून आलं, ‘अंग कणकण करून राह्यलं.’

त्या दिवशी डबा तसाच्या तसा दगडावर राहिला. सासूबाई देवाला काय काय बोलल्या ते मला माहीत आहे, मीही गुपचूप बोलले. सासरे दिवसभर पाळीवर उन्हात पलीकडं तोंड करून बसून होते. मी त्यांना पाणी नेऊन दिलं, अर्थात दगडावर ठेवूनच. सासरा सुनेशी सहसा बोलत नसे. पण त्या दिवशी पाण्याकडं बघत ते बोलले. ‘माहा मोठा भाऊ असाच आला होता, बाहेरून. आमी त्याले घरात घेतलं. लय दिवसांनी आला म्हनून सगळे लपटून झोपलो.’ मग म्हणाले, ‘भाऊ गेला, मांगून माय गेली. म्या कोनाले आता लपटू देत नाई.’

माझा त्यांच्यावरचा सगळा राग तिथंच उतरला. आता एकच हवं होतं, त्या मोहाखालचा माणूस ह्या काठावर चालत यावा. बाकी काही नको.

तो ताप साधाच निघाला. दुसऱ्या सकाळी त्यांनी भूक लागल्याचं ओरडून सांगितलं आणि पाळीवर हसण्याची लाट आली. सासऱ्यांनी मात्र दिवस पुन्हा पहिल्यापासून धरले. सासूबाई पलीकडं मुलाशी बोलत बसत. त्यांना करमावं म्हणून माझ्याच गोष्टी सांगत: हिला काटा काढता येत नव्हता, ही अजून वरोऱ्याच्याच बाजारानं दिवस मोजते. पलीकडून हसू यायचं. मी इकडं लाल व्हायची.

असं ओरडून ओरडून सासूबाईंचा घसाच बसला. आवाज घोगरा झाला, त्यात ठसका लागला आणि सासऱ्यांनी कान नसतानाही तो नेमका ऐकला. झालं. त्यांनी बायकोलाही वेगळं झाड दिलं. सासूबाई त्या झाडाखाली बसून खुणांनी भांडत होत्या, नवरा मान हलवत होता आणि मला हसू आवरत नव्हतं. आमच्या घराचा आवाज म्हणून आता एकटी मीच उरले.

त्याच संध्याकाळी सासऱ्यांनी ठरवलं की पुरे झालं, मुलाला आणायचं. त्यांनी मला वार सांगितला. नेमका तोच वार. ‘सांग त्याले, सूनबाई.’

मी पाळीच्या कडेला गेले. सगळी झाडं माझ्याकडं वळली, कारण मी आता काय करते ते सगळ्यांना बघायचं होतं. मी विचार केला. त्यांना सासूबाईंनी माझ्या वरोऱ्याच्या बाजारावरून हसवलं आहे, आता पुन्हा वेडेपणा नको. आपण आता इथल्या झालो, इथल्याच बाजारानं सांगू. आणि मी पूर्ण आवाज लावून सांगितलं, ‘आयकलं का जी, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी येजा.’ तिकडून ‘बरं’ आलं. वळसा बरोबर घातला म्हणून बायकांनी मला शाबासकी दिली. मी खूष.

तिकडं ते काय समजले? ते समजले, ही बिचारी वरोऱ्याच्या बाजारानं मोजते. साथीत इथला बाजार भरतच नव्हता, त्यामुळे बाजाराच्या गाड्या पाहून उमगावं तर तेही नाही. मी त्यांच्या बाजाराला गेले आणि ते माझ्या बाजाराला. दोन दिवसांचा फरक पडला आणि दोघांनाही पत्ता नाही.

ठरल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी वारा सुटला होता. त्यांनी तिकडून काहीतरी ओरडून सांगितलं. मी चुलीपाशी होते, सासूबाई आपल्या झाडाखाली. सासऱ्यांनी नेहमीसारखा हात वर केला आणि आम्हाला सांगितलं, ‘बरा हाये म्हनते.’

सकाळी सासूबाईंना सोडण्यात आलं. त्यांनी आंघोळ करून धान कांडलं. मी नवं लुगडं नेसले. सासऱ्यांनी झाडाझाडाची हजेरी घेतली आणि शेवटी मोहाला हाक मारली. तिकडून काही आलं नाही. सासऱ्यांनी सासूबाईंच्या तोंडाकडं पाहिलं. पुन्हा हाक. पुन्हा काही नाही. पलीकडं चुलीचा धूर नव्हता. फांद्यांच्या आडोशावर त्यांचं घोंगडं पडलेलं तेवढं दिसत होतं. त्याखाली माणूस आहे का नाही, इतक्या लांबून कळेना.

शेजारच्या झाडांनी हाका मारल्या. मग सगळ्या पाळीनं. सूर्य वर आला. सासऱ्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ते उठले आणि तलावाला वळसा घालून तिकडं निघाले, तशी सासूबाईंनी ह्या वेळी त्यांच्या दंडाला धरलं. ज्यानं सगळ्यांना अडवलं त्याला आता कोणीतरी अडवायला हवं होतं. मला काय झालं कोण जाणे, मी दोघांना तिथंच सोडून सांडव्याकडं पळत सुटले. लुगड्याचा बोंगा हातात धरून, पदर कुठल्या कुठं.

दगडाच्या पुढं जायचं नाही, हे अंगात इतकं मुरलं होतं की पाय तिथंच थांबले. आता मोहाचं झाड नीट दिसत होतं. घोंगडं चपटं होतं, खाली कोणी नव्हतं. मला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच जास्त भीती वाटली. तापात उठून रानात गेले असतील तर? मी आपला सूर लावला, ‘आयकलं का जी.’ रानातून एक मोर ओरडला. पुन्हा हाक मारली. मग एकदम माझ्या डोक्यात लख्ख पडलं. बाजार. कोणता बाजार, ते मी सांगितलंच नव्हतं.

छाती भरून श्वास घेतला आणि मी ओरडले, ‘आज ——वार हाये जी! आजच येजा! ——वार!’

कागदावरसुद्धा ती जागा मी मोकळीच सोडते. पण तेव्हा सोडली नाही. वार काय आणि नाव काय, एकच. ते मी पाण्यावरून, पाळीवरून, सगळ्या सासरावरून फेकलं. मी पुन्हा ओरडले, तिसऱ्यांदाही, आणि मग रानाच्या आतून, बऱ्याच लांबून, त्यांचा आवाज आला.

‘कोन वार?’

मागं आमराई अशी हसली की बगळे उडाले. माझे डोळे वाहत होते आणि मीही हसत होते. चौथ्यांदा सांगितलं. मग झाडी हलली आणि ते बाहेर आले, एका हातात कोयता, दुसऱ्या हातात मोठ्या द्रोणात काळीभोर चारं, चारोळीची फळं. अजून दोन दिवस आहेत तर चारं गोळा करून आणावी, परत यायला उशीर होईल, हे त्यांनी आदल्या संध्याकाळी वाऱ्यावर ओरडून सांगितलं होतं.

ते दगडापर्यंत आले आणि पलीकडं थांबले. मी अलीकडं. पुढं यायचं की नाही, हे त्यांना कळेना. माझ्यामागून सासरे आले, धापा टाकत. ते माझ्यापाशी थांबले नाहीत, दगडापाशी थांबले नाहीत. सरळ मुलापाशी गेले, ताप बघतात तसा हात त्याच्या मानेवर ठेवला आणि तो काढलाच नाही. मग म्हणाले, ‘चाल बाप्पा.’ साध्या आवाजात. इतके दिवस ओरडणं ऐकून त्यांचा साधा आवाज कसा आहे ते मी विसरूनच गेले होते.

आम्ही पाळीवरून आमच्या झाडाकडं निघालो. सासरे पुढं, मागं आम्ही दोघं. चालता चालता ते माझ्या अगदी जवळ आले, बाही बाहीला लागेल इतके, आणि विचारलं, ‘थकली का वो?’ इतकं हळू, की ते फक्त माझ्यापुरतंच होतं. पाण्याचं विचारलं होतं ते पाहुण्यांसमोर, बाकीचं सगळं पाण्यावरून, गावादेखत. माझ्या एकटीसाठी बोललेलं हे पहिलंच. उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ओरडायचं नाही, हे मला मुद्दाम आठवावं लागलं.

‘नाई,’ मी म्हणाले, आणि एवढंसंही त्यांना ऐकू गेलं.